झाडाचं मलम

"सैल बांधून राह्यली तू, पंचफुला. मले समजते इकडून."

"पाठीले डोळे हायेत का तुमच्या? तुमी तुमची सुरी चालवा."

पौषातली सकाळ. सातपुड्यावरून आलेला वारा कानात सुया टोचत होता. तिगाव ठेसनापासून कोसभर आत, भिवाजीच्या बरडीखालच्या वाफ्यात जांभेरीची, म्हणजे रानलिंबाची रोपं ओळीनं उभी होती आणि त्यांच्यावर संत्र्याचे डोळे चढवून कलमं करायचं काम चाललं होतं. भिवाजी पुढं उकिडवा. जांभेरीच्या सालीला सुरीनं चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा अलगद खापलून काढायचा, सालीच्या आत सरकवायचा आणि डाव्या अंगठ्यानं दाबून बसवायचा. मागून बायको पंचफुला केळीच्या सोपटानं तो आवळून बांधत यायची.

सारी करामत त्या डाव्या अंगठ्याची. पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंतचे बगीचेवाले म्हणायचे, भिवाजीनं बसवलेले शंभर डोळे असले तर नव्वद फुटतातच. अंगठ्याला सालीचा अंदाज होता, साल किती सुटली, रस किती वर चढला, सगळं त्याला नुसत्या दाबण्यात कळायचं. घर त्या अंगठ्यावर चालत होतं.

पण माणूस असा संशयी, की काही विचारू नका! मोटार आली तरी ती पांढुर्ण्यालाच जाते ना, हे तिघांना विचारल्याशिवाय पाय उचलायचा नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर बायकोला विचारायचा, "कोनं सांगतलं तुले हे कराले?" पंधरा वर्षं पंचफुला त्याच्या मागं डोळे बांधत होती आणि पंधरा वर्षं तो मान वळवून तिच्या गाठी तपासत होता.

त्या दिवशीही त्यानं मान वळवली. हात मात्र थांबला नाही. सुरी सालीवरून सटकली आणि अंगठ्याच्या बुडाशी खच्चकन आत गेली.

"माय वं!" पंचफुला धावली. तिनं लुगड्याचा पदर टराटरा फाडला. "दाबून धरा. हात वर करा, वर! चाला घरी, हळद भरतो."

"कोनती हळद? बाजारातली?" रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं तरी भिवाजीचं डोकं जाग्यावर होतं. "मक्याचं पीठ हाये त्याच्यात. रंग घातलेलं."

"मंग उकळलेल्या पान्यानं धुवा तरी."

"पान्यानं जखम चिघळते. मालूम नसलं तं बोलू नोको."

तेवढ्यात त्याची नजर बांधावरच्या बादलीवर गेली. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं ते निळं मलम. संत्र्याची फांदी छाटली की कापलेल्या जागी लावायचं, बुंध्याला हातभर फासायचं, म्हणजे झाड सडत नाही. दरसालचं काम. मोरचूद त्यानं स्वतः पाहून घेतलं होतं, चुना स्वतः विझवला होता. या जगात भेसळ नसलेली एवढी एकच चीज त्याच्याजवळ होती.

"झाडाची जखम ह्याच्यानं भरते ना?"

"अवो, झाडाले रगत हाये का?"

"चीक तं हाये!" म्हणून त्यानं दोन बोटं भरून मलम घेतलं आणि जखमेत थापलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण बायकोपुढं हूं की चूं केलं नाही. "झोंबलं म्हंजे लागू पडलं," तो म्हणाला आणि वरून चिंधी गुंडाळली.

आणि तेवढ्यावर गप्प बसला असता तरी बरं होतं. संध्याकाळी ठेसनाच्या रस्त्यावरच्या सुरेशच्या हॉटेलात बसून त्यानं चारचौघांत ते सांगितलं. अंगठा भगभगत होता, म्हणून आवाज जास्तच चढला. "डाक्टर लुटते, दुकानदार लुटते. झाड नाई लुटत. जे झाडाले लागू, थे मानसाले लागू. रगत पाह्यता पाह्यता थांबलं!" त्याच्या शेताशेजारचा दादाराव बशीतला चहा तसाच धरून, तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी अंगठा टरारून सुजला. भोवतीची कातडी पांढरी पडून सुटायला लागली, कडा काळ्या झाल्या, आतून पिवळं पाणी. भिवाजीला कारण लगेच सापडलं. सावरगावचा मनोहर कलमवाला मागच्या आठवड्यात वाफ्यावर येऊन म्हणाला होता, "भिवाजीबुवा, तुमच्या आंगठ्याचा इमा काढून ठेवा." नजर लागली! दुसरं काय? पंचफुलानं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. मनोहरची नजर जळाली असेल तर असेल, ठणका तसाच राहिला.

इकडं आठशे डोळ्यांची काडी कापून ठेवलेली, ओल्या तरटात गुंडाळून सावलीला. आठ-दहा दिवस तग धरते, मग वाळते. वाळलेल्या काडीतला डोळा चढवून काही उपयोग नाही. आणि काडीचं जाऊ द्या, पुढच्या साली मिळेल. अंगठाच आखडला तर भिवाजीनं करायचं काय? आयुष्यात दुसरं काम शिकला नव्हता तो. खाटेवर पडून तो एक एक पेर वाकवून पाहायचा आणि अंगठ्यापाशी येऊन थांबायचा. भीती वाटत होती, पण भीती वाटते असं म्हणायला समोरच्यावर भरवसा लागतो.

पंचफुलानं त्याला न विचारताच वत्सलाला आणलं.

वत्सला बौद्ध मोहल्ल्यातली सून. आठवी शिकलेली. सरकारनं गावोगाव एकेक स्वास्थ्य रक्षक नेमला तेव्हा या गावातून तिचं नाव गेलं. सौसरला तीन महिने शिकली आणि एक पत्र्याची पेटी व एक वही घेऊन परत आली. पेटीचं कोणाला काही नव्हतं, वहीची मात्र अख्ख्या गावाला धास्ती. आणीबाणीला सहा-सात वर्षं झाली होती, पण नसबंदीच्या गाडीत माणसं कशी कोंबून नेली ते कोणी विसरलं नव्हतं. वहीत नाव चढलं की एक दिवस गाडी दारात उभी राहणार, असं जो तो म्हणायचा.

ती अंगणाच्या कडेला थांबली. त्या मोहल्ल्यातलं कोणी आजवर भिवाजीच्या ओसरीवर बसलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे भिवाजीलाही ठाऊक होतं.

"काकाजी, हात पाहू द्या."

"वही कुठी हाये?"

"घरी ठेवून आलो."

"मनात लिवशीन आन घरी जाऊन उतरवशीन."

"लिवाचं काय त्याच्यात, साऱ्या गावाले तुमचं नाव मालूम हाये," वत्सला म्हणाली. मग तिची नजर चिंधीवर गेली. "हे निळं-पांढरं काय फासलं?"

भिवाजीनं हात पाठीमागं नेला. पंचफुलानं सांगून टाकलं. वत्सलानं कपाळावर हात मारला. "चुना? उघड्या जखमेत? काकाजी, सुरीनं कापलं थोडंसं, बाकी सारं चुन्यानं जाळलं. नजर-बिजर काई नाई, तुमच्या मलमानं जाळलं हे."

"हे तू सांगून राह्यली. माह्या हातचं मलम हाये थे."

"म्हनूनच तं तुमी धुवून टाकत नाई." तिनं पायरीपाशी पेटी ठेवली. "आयका. पानी तुमच्या इहिरीचं, गंज तुमचा, चूल तुमची, हात काकूचे. मी इथूनच सांगतो. मंग तं झालं?"

आता यात खोट कुठं काढायची? भिवाजीनं थोडा विचार केला. "साबन?"

"तोबी तुमचाच. घ्या आता."

पंचफुलानं गंजभर पाणी खळखळ उकळवलं, झाकून निवू दिलं. वत्सलानं तिला आधी स्वतःचे हात साबणानं नखापर्यंत धुवायला लावले. मग भिवाजीचा हात पुढं धरून, वरून बारीक धार. एक लोटा, दोन लोटे, दहा लोटे. "घासू नोका काकू, पान्यालेच काम करू द्या. चुना सारा निंगाला पाह्यजे." साबण कडेकडेनं. भिवाजी असा बोंबलला की शेजारची म्हैस दावं तोडायला लागली. धुऊन झाल्यावर खाली वाडग्यात निळसर गाळ बसला होता. भिवाजीनं तो वाकून पाहिला.

जुन्या धोतराची पट्टी उकळून उन्हात वाळवायला टाकली. मग वत्सलानं पेटीतून बाटली काढली. आतली दवा निळी, गर्द निळी!

भिवाजी खाटेवरून उठलाच. "हे तं मोरचूद! माह्यावालं वाईट, आन तुहं चांगलं?"

"रंग एक म्हनून चीज एक होते का? ही घावाची दवा हाये."

"आधी झाडाले लावून पाहीन. जांभेरीच्या कोंबावर. कोंब करपला तं समजलं. झाड खोटं नाई बोलत."

"घ्या!" पंचफुलाचा आता तोल गेला. "दुखनं रेड्याले आन डाग पखालीले! जांभेरीचा आंगठा सुजला का?"

वत्सला चिडली नाही. खरं तर चिडली होती, पण गिळून टाकलं. तिनं त्याच्या हाताला वाळलेली स्वच्छ पट्टी बांधायला लावली, आणि कोंबाला लावण्यापुरती दवा एका चिंधीवर दिली. "लावा कोंबाले. सकाळी येतो मी. पन तवरी माती नाई, शेन नाई, मलम नाई, ओलं नाई."

सकाळी कोंब निळ्या टोपीत ताठ उभा होता. भिवाजीनं तो वाकवून पाहिला, वास घेतला, जिभेच्या टोकावर लावला आणि थुंकला. मग हात पुढं केला.

दवा लावून झाल्यावर वत्सलानं धनुर्वाताची सुई काढली, म्हणजे नुसती गोष्ट काढली. लोखंडाची सुरी, मातीचे हात, पांढुर्ण्याच्या दवाखान्यात जाऊन सुई घ्याच. भिवाजीला वाटलंच होतं! इतका वेळ गोड बोलणं चाललं होतं ते ह्यासाठी. "सुई टोचून बेसुद करन आन खालचं काम उरकून टाकन."

"सोबत मी येतो," पंचफुला म्हणाली. "कापाले आले तं मीच वरडीन. मलेबी तुमी पुरे लागता."

गेले दोघं. दवाखान्यात भिवाजीनं आधी बाटली पाहायला मागितली, बाकावरच्या म्हाताऱ्याला "तुमालेबी हेच देल्लं का" म्हणून विचारलं, आणि सुई दंडात जाईपर्यंत दुसऱ्या हातानं धोतराची गाठ गच्च धरून उभा राहिला. कंपाउंडर हसता हसता खाली बसला.

पण काडी वाळत होती. अखेर पंचफुला म्हणाली, "सुरी द्या इकडं." भिवाजीनं खूप आढेवेढे घेतले आणि दिली. तो बांधावर बसला, हात गळ्यात अडकवून. "खोल नोको जाऊ. आडवी चीर आखूड. अवं, डोळा उलटा धरला!" उलटा नव्हता धरला. ती एकामागून एक डोळे सरकवत होती, बांधत होती, आणि मान वळवून कोणाकडं पाहत नव्हती.

"कोनापासून शिकली तू?"

"पंधरा वर्सं तुमच्या मागं हाये. आंधळी होतो का मी?"

हे काही भिवाजीला बरं वाटलं नाही. रोज वत्सला येते, पट्टी बदलते, "अजून चार दिवस" म्हणते. इकडं बायको सुरी चालवून राहिली. दोघींचं आपसात बोलणं, हसणं. याच्यात काही तरी आहे! जखम केव्हाची भरली असेल आणि ह्या दोघींनी मिळून आपल्याला बांधावर बसवून ठेवलं असेल. पाचव्या दिवशी पंचफुला भाकर आणायला गेली तसं त्यानं दातानं गाठ सोडली, पट्टी उतरवली आणि त्या अंगठ्यानं जांभेरीची साल दाबून पाहिली. नुकती आलेली कोवळी कातडी चरकली आणि रक्त आलं. त्यानं घाईघाईनं पट्टी परत गुंडाळली.

संध्याकाळी वत्सलानं पट्टी सोडली तर आत माती. तिनं ती पट्टी त्याच्यापुढं धरली.

"काकाजी, मले खोटं पाडाचं हाये तं तोंडानं सांगा. त्याच्यासाठी आंगठा कायले सडवता?" तिनं मातकट पट्टी बाजूला टाकली. "रोज अकरा घरी जातो मी. नऊ घरचे मले पाहून कवाड लावते. दोन उघडते, त्याच्यातलं एक तुमचं. मले वाटलं, चाला, भिवाजीकाकाजीनं उघडलं म्हंजे बाकीचे उघडतीन."

भिवाजीला लाज वाटली. अशी लाज त्याला फार वर्षांत वाटली नव्हती. "बस," तो म्हणाला. त्यानं ओसरीवरची घोंगडी डाव्या पायानं सरकवली. "वरती बस. खाली वाकून पाठ दुखत असन तुही."

वत्सला वर बसली. तिनं पुन्हा पाणी उकळायला सांगितलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून धुतलं. त्या दिवसापासून भिवाजीनं गाठीला हात लावला नाही. इच्छा रोज व्हायची.

माघ लागला तेव्हा पट्टी सुटली. बुडाशी चट्टा राहिला, निळसर-तांबूस, तिथं जरा बधिर. पण अंगठा वाकला. पूर्ण वाकला! भिवाजीनं एका रोपाची साल दाबली, सोडली, पुन्हा दाबली. साल सुटलेली कळत होती, रस कळत होता. तो वाफ्यात एकटाच होता म्हणून बरं, डोळ्यांतून पाणी आलेलं कोणी पाहिलं नाही. पंचफुलानं चढवलेले डोळेही फुटायला लागले होते, हिरवे टुचटुचीत. त्यानं ओळी मोजल्या आणि म्हणाला, "जमीन चांगली हाये या बाजूनं."

चार दिवसांनी दादाराव लंगडत आला. तूर काढल्यावर रानात राहिलेलं धसकट तळव्यात घुसलं होतं. पायाला पळसाचं पान बांधलेलं.

"भिवाजी, थे मलम दे थोडंसं."

"कोनतं मलम?"

"झाडाचं. हॉटेलात सांगतलं होतं तुनं. तुहा आंगठा बरा झाला ना त्याच्यानं."

"त्याच्यानं नाई झाला बाप्पा! त्याच्यानं जळला. वत्सलाबाईनं धुतला, तिच्या दवेनं भरला. तू तिच्याकडं जा. त्याच्या आधी घरी उकळलेल्या पान्यानं धू, साबन लाव, सोच्च फडकं बांध. आन पांढुर्ण्याले जाऊन सुई घे. काई नाई करत थे. मी घेतली."

दादारावनं डोळे बारीक केले. भिवाजीचा अंगठा हातात धरून उलटापालटा केला. "निळाई तं मोरचुदाचीच हाये."

"थे तिची दवा निळी हाये म्हनून."

"म्हंजे तिनंबी मोरचूदच लावलं."

"नाई रे बावा! शप्पत सांगतो."

"तू? आन शप्पत?" दादाराव हसला. "सख्ख्या बायकोवर इस्वास नाई तुहा, आन त्या बाईवर हाये? मले उल्लू समजतं? द्याचं नसन तं नाई म्हन. चिंगूस साला." आणि लंगडत निघून गेला.

भिवाजी त्याच्या पाठीकडं पाहत राहिला. खरं बोलला होता, अगदी खरं, आणि समोरच्याच्या डोळ्यांत त्याचा एक शब्दही उतरला नव्हता. जन्मभर लोकांना तो हेच देत आला होता. आज पहिल्यांदा स्वतःच्या पदरात पडलं तेव्हा कसं लागतं ते कळलं.

दुपारी पंचफुला वाफ्यावरून ओरडली. बगीच्यासाठी नवं कालवलेलं मलम बादलीत होतं, त्यात कोणी तरी खोल हात घालून ओंजळभर काढून नेलं होतं. बांधावर लंगड्या पावलांचा माग.

"पंचफुला, वत्सलाले बलाव! धाव!" भिवाजी स्वतः दादारावच्या घराकडं पळाला.

दादाराव ओसरीवर पाय वर करून बसला होता. तळवा निळा थपथपीत, तोंड वेदनेनं वाकडं, आणि तोंडावर मोठं समाधान. "झोंबून राह्यलं," तो म्हणाला. "म्हंजे लागू पडून राह्यलं."

भिवाजी तडक आत शिरला. घरातून पाण्याची घागर उचलली, दादारावच्या बायकोला, शांताबाईला, चुलीवर गंज चढवायला सांगितला. "थे उकळून निवेपर्यंत थांबता नाई येत, चुना जाळून राह्यला." दादारावचा पाय मांडीखाली दाबून धरला आणि धार धरली. एक लोटा. दुसरा. तिसरा. घासायचं नाही, पाण्यालाच काम करू द्यायचं. निळं पाणी ओसरीवरून अंगणात वाहायला लागलं.

"अबे सोड! सोड! बाप्पा रे, धुऊन टाकतं की काय!" दादाराव हातपाय झाडत होता, गुद्दे मारत होता. आरडाओरडा ऐकून गल्ली गोळा झाली. "पाहा रे पाहा, ह्याचं काळीज पाहा! मागतली तवा देल्ली नाई, आन माह्या पायाची लावलेली दवा धुऊन नेऊन राह्यला! असा दुस्मन असते का कोनाचा?"

गर्दीतून कोणी म्हणालं, "भिवाजीच तो. त्याच्यापासून दुसरं काय होनार?"

भिवाजीनं मान वर केली नाही. शांताबाईकडं रिकामा लोटा पुढं केला आणि म्हणाला, "अजून भरा."